पंक्तिप्रपंच

मर्ल कोझाकच्या दुकानात डिसेंबरच्या पहिल्या रविवारी
एकही टायर विकला जात नाही.
रबराचा वास, रॉकेलचा हीटर,
आणि भिंतीवर टीव्ही, ज्यात
सगळ्यांचे चेहरे किंचित हिरवे दिसतात.

समितीनं बारा पानं मांडली.
आमचं हॅलरन स्टेट तेरा सामने खेळलं, तेराही जिंकलं,
आणि तेराव्या नंबरावर उभं राहिलं
दाराशी, टोपी हातात धरून.

आधी कोणी बोललंच नाही.
मग मर्लनं हातातला पाना भिरकावला.
तो घरंगळत कॉफीच्या यंत्राखाली गेला.

"तीनदा हरलेले आत! तीनदा!"
"पण हरले कोणाकडून, ते बघ ना," ड्वेन प्रुइट म्हणाला.
त्याचा जावई मोठ्या विद्यापीठात नोकरीला,
त्यामुळे त्याला दोन्हीकडून बोलावं लागतं.
"तुम्ही हरवलंत कोणाला?
ज्यांच्या खेळाडूंपेक्षा त्यांचा बँड दांडगा, त्यांना."
"बोलावलं होतं की मोठ्यांना!
म्हणाले, सात वर्षं तारीख नाही.
स्वतः आखाड्यात उतरायचं नाही,
आणि वर आम्हालाच विचारायचं
अंगाला माती कशी लागली नाही म्हणून!"

वाढपी ओळखीचा असला
की पंगतीत कुठेही बसा,
तूप पोचतंच.

गणिताच्या निवृत्त बाई, इडा लिंडक्विस्ट,
दरवर्षी स्वतःच्या सूत्रानं क्रमवारी लावतात.
त्यांच्या वहीत हॅलरन एकोणिसावं आलं होतं.
मी शेजारून वाचलं.
त्यांनी वही मिटली, पर्समध्ये टाकली,
आणि समितीला सगळ्यांत मोठ्यानं शिव्या दिल्या.

मी गप्प होते.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
जरेल बँक्स्टन तेराव्या वर्षीच मागच्या बाकात मावेना,
म्हणून त्याला माझ्या पाठीमागे बसवायची.
त्याचे गुडघे माझ्या पाठीला टोचायचे,
खड्डा आला की दोघंही "सॉरी" म्हणायचो.

त्याला न्यायला आधी कोण आलं होतं, माहीत आहे?
हेच, आज पहिल्या पानावर बसलेले.
त्यांच्या प्रशिक्षकानं व्हर्नेलच्या स्वयंपाकघरात
रताळ्याच्या पायचे दोन तुकडे खाल्ले,
तिसरा कागदात बांधून घेतला,
म्हणाला, पोरा, तू आता आमच्या घरचा.
फेब्रुवारीत त्यांना टेक्ससमध्ये
इंचभर उंच दुसरा कोणी सापडला.
फोन यायचा थांबला.
नंतर हॅलरनचा माणूस आला,
एकच दिवा लागणाऱ्या गाडीतून,
आणि पोरगा घेऊन गेला.

आता पुन्हा फोन येतोय म्हणे.
या वेळी पायबिय नाही, थेट आकडा.
"जाईल," ड्वेन म्हणाला. "मीही गेलो असतो."
"निदान तो बाउल तरी खेळून जाईल?"
"कुठला, गादीवाल्यांचा?
कंपनीची उशी मिळते म्हणे बक्षीस.
त्यासाठी कोण गुडघा मोडून घेईल?"

ड्वेन चुकीचं बोलत नव्हता.
त्याचाच राग आला.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली.
व्हर्नेल, अंगावर इस्पितळाचा निळा गणवेश,
रात्रपाळी नुकतीच संपलेली असावी.
टीव्ही कोणीतरी घाईनं बंद केला,
घरात मयत झाल्यासारखा.

"मर्ल," ती म्हणाली,
"हे चार टायर अकराशे मैल टिकतील का?
जायचे अकराशे. येण्याचं नंतर बघू."

जरेलबद्दल कोणी काही विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
इडाबाईंनी पर्स उघडली,
वही चाचपली, परत बंद केली.

मर्ल बाहेर गेला, वाकला,
नाण्यानं खाचा मोजल्या,
म्हणाला, मागचे दोन बदलावे लागतील.
मग आत येऊन जमिनीवर पालथा झाला,
सत्तरीचा माणूस, गाल फरशीला टेकवून,
एक हात कॉफीच्या यंत्राखाली.

"जरा उजेड दाखव गं," मला म्हणाला.
मी बॅटरी धरली.
तिथे धूळ होती, एक जुनं तिकीट होतं,
आणि पाना, बोटभर लांब.